‘काही नाही’ म्हणजे बरंच काही!

विदर्भातल्या पोरांची एक मजा असते. मुंबई-पुण्याची मुलं जूनच्या मध्यात रेनकोट घालून शाळेत जायला लागतात, तेव्हा आपल्याकडची मुलं उन्हाच्या कृपेने अजून घरात लोळत असतात. मग जूनच्या शेवटी-शेवटी शाळा उघडते आणि घराघरांत तोच सीन सुरू होतो. मिहानमधून, आयटी पार्कमधून, सीताबर्डीच्या ऑफिसातून मम्मी-पप्पा दमूनभागून घरी येतात. बॅग सोफ्यावर, गाडीची चावी टेबलावर आणि प्रश्न हवेत...

‘‘काय मग, कसा गेला दिवस?’’

‘‘ठीक.’’

‘‘काय काय केलं शाळेत?’’

‘‘काही नाही.’’

‘‘चेहरा काहून असा? काही झालं का?’’

‘‘काही नाही म्हटलं ना!’’

संवाद समाप्त. पोरगं टीव्हीसमोर, आपण मोबाइलसमोर. पण जरा विचार करा. सहा तास शाळा, एक तास ऑटो किंवा स्कूलबस, चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, डब्याची सुट्टी, भांडणं, मार्क, मॅडमचं ओरडणं... आणि एवढ्या सगळ्यात ‘काही नाही’? असं कसं होईल राजेहो? या ‘काही नाही’चा खरा अर्थ बऱ्याचदा वेगळा असतो. ‘सांगितलं तर पुढे काय होणार, ते मला पाठ आहे,’ असा!

जज, मॅनेजर आणि कॉमेडियन

पुढे काय होतं, ते बघू. समजा, तिसरीतला मुलगा घरी येऊन म्हणतो, ‘‘माझा बेस्ट फ्रेंड माझ्याशी बोलतच नाही.’’ आता आपल्या घरात तीनपैकी एक जण लगेच हजर होतो.

पहिला असतो जज. ‘‘तूच काहीतरी केलं असशील. त्याशिवाय कोणी उगाच बोलणं बंद करत नाही.’’ केस दाखल व्हायच्या आधीच निकाल!

दुसरा मॅनेजर. ‘‘नाही बोलत तर नको बोलू. दुसरा फ्रेंड कर. उद्या दुसऱ्या बेंचवर बस.’’ प्रॉब्लेम सॉल्व्ह, नेक्स्ट!

तिसरा कॉमेडियन. ‘‘पागल झाला का बे? एवढ्याशा गोष्टीसाठी रडतात का? मुलगी आहेस का तू?’’

यातला मॅनेजर आपल्याला सगळ्यात जवळचा. दिवसभर ऑफिसात आपण तेच तर करतो. मेल आला, उत्तर दिलं. तक्रार आली, क्लोज केली. त्याचाच तर पगार मिळतो. घरी आल्यावर हे बटण आपोआप बंद होत नाही. पण मुलाने तक्रार नोंदवलेली नसते. त्याला दुसरा फ्रेंड नको असतो, निदान त्या क्षणी तरी नको असतो. आपल्या पोटात जे काही ढवळून राहिलं आहे, ते दुसऱ्या कोणाला तरी दिसतंय, एवढंच त्याला हवं असतं.

आणि गंमत म्हणजे, तिघांचाही हेतू चांगलाच असतो. मूल मजबूत व्हावं, रडूबाई होऊ नये, असं कोणाला वाटत नाही? पण मूल शिकतं ते वेगळंच. ‘इथे सांगून उपयोग नाही,’ हे. आठव्या वर्षी बेस्ट फ्रेंडचं सांगून उपयोग झाला नाही, तर पंधराव्या वर्षी त्याहून मोठं काहीतरी घेऊन ते तुमच्याकडे कशाला येईल? खरा धोका इथे आहे, तिसरीतल्या भांडणात नाही.

एका चौकाचं नाव

आता थोडं आपल्या शहराबद्दल. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ मधलं. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी हे एक. मनाच्या आजारावर उपचार होतात, ही गोष्ट या शहराला दीडशेहून जास्त वर्षांपासून माहीत आहे. खरं तर आपण या बाबतीत सगळ्यांच्या पुढे असायला हवं होतं. पण आपल्या बोलण्यात त्या दवाखान्याचं काय उरलं? पागलखाना चौक! ऑटोवाल्याला सांगायला सोपा पत्ता आणि शाळेच्या मैदानावर चिडवायला रेडीमेड डायलॉग.

‘पागल’ हा तर नागपुरी बोलीचा लाडका शब्द. प्रेमाने पागल, रागाने पागल, उन्हात फिरला तर पागल, मॅच हरली तर टीम पागल. मोठ्यांना त्यात काही वाटत नाही. पण लहान मूल शब्द जसेच्या तसे उचलतं. ज्या घरात घाबरणाऱ्याला, रडणाऱ्याला, गप्प बसणाऱ्याला ‘पागल आहे का?’ असं विचारलं जातं, तिथे मुलाच्या डोक्यात एक सरळ रेघ तयार होते. मला कसंतरी होतं, म्हणजे मी पागल, म्हणजे तो चौक. पुढे दहावीत त्याला रात्र-रात्र झोप येत नसेल आणि तुम्ही काळजीने म्हणालात, ‘‘बेटा, आपण काउन्सेलरकडे जाऊन येऊ,’’ तर त्याला काय ऐकू येईल? तुम्हीच सांगा.

म्हणून मुलाच्या मनाची काळजी घ्यायची सुरुवात कुठल्या महागड्या वर्कशॉपने होत नाही. घरातला एक शब्द कमी करण्यापासून होते. त्याला एक पैसाही लागत नाही.

मारबतीचा फंडा

पण याच शहराकडे एक भन्नाट गोष्टही आहे. मारबत! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८०च्या दशकापासून ही परंपरा चालत आली आहे. रोगराई, इडापिडा घेऊन जा, असं ओरडत लोक तिला मिरवतात आणि शेवटी जाळतात. सोबत बडगे असतात. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या वर्षी लोकांना ज्याने छळलं त्याचा बडगा. त्याला चेहरा देतात, त्याचं नाव मोठ्याने घेतात आणि मग त्याला वाटेला लावतात.

बडग्याने महागाई कमी होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी संध्याकाळी माणूस हलका होऊन घरी जातो. कारण जे छळतंय त्याचं नाव घेता आलं.

मनाचंही असंच असतं, आणि हे फक्त परंपरेचं सांगणं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या माणसांना राग किंवा भीती असलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव दिलं की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, म्हणजे अमिग्डलाची, हालचाल कमी होताना दिसली. सल्ला नाही, उपाय नाही. फक्त नाव!

सगळंच ‘टेन्शन’ नसतं

आता आपल्या घरात भावनांची किती नावं वापरली जातात, मोजा बरं. टेन्शन, बोअर, मूड ऑफ. खलास! तीन शब्दांत अख्खं पोरगं. बाकी आपली मराठी याबाबतीत सॉलिड श्रीमंत आहे.

उद्या पेपर आहे आणि छातीत काहीतरी होतंय, ती धाकधूक. पेपर झाल्यावर ‘एक प्रश्न येत होता तरी सुटला’ म्हणून जीवाला लागते ती चुटपुट. ताईला नवीन सायकल मिळाली, तो हेवा. वर्गात सगळ्यांसमोर मॅडम बोलल्या आणि मान वर होईना, ते ओशाळणं. पिकनिक कॅन्सल झाली, म्हणून खट्टू. सांगायचं आहे पण सांगता येत नाही, ती घुसमट. आजी गावी परत गेली की रिकाम्या खोलीत जाणवते ती हुरहूर.

हा शब्दांचा शौक नाही बरं का! प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. धाकधुकीला सोबत लागते, उजळणी लागते. चुटपुट एका रात्रीच्या झोपेने जाते. हेवा ऐकून घेतला की अर्धा होतो, लेक्चर दिलं की दुप्पट. ओशाळलेल्या मुलाला चारचौघांत विचारायचं नसतं, एकटं असताना विचारायचं. आणि घुसमट मात्र सोडून द्यायची नसते, तिच्या मागे काय आहे ते हळूच शोधायचं असतं. सगळ्यांवर ‘टेन्शन’चं एकच लेबल लावलं तर सगळ्यांना औषधही एकच दिलं जातं. ‘टेन्शन घेऊ नको!’ आजवर कोणाचं गेलंय का ते असं सांगून?

मुलांना हे शब्द शिकवायला क्लास लावू नका. स्वतः वापरा. ‘‘आज बॉसने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकवलं, मी इतकी ओशाळले ना!’’ असं आई जेवताना सहज बोलली, तर मुलाला दोन गोष्टी कळतात. एक, याला शब्द आहे. दोन, आईलाही होतं असं, आणि तरी ती मस्त पोळी-भाजी खातेय. बाबांनी हे बोलणं तर दुप्पट कामाचं. कारण बऱ्याच मुलग्यांनी आपल्या बाबांच्या तोंडून राग सोडून दुसरी भावना ऐकलेलीच नसते.

मग बेस्ट फ्रेंडवाल्या मुलाला काय म्हणायचं? फार काही नाही. ‘‘अरे... तो बोलला नाही म्हणून एकटं-एकटं वाटलं का तुला?’’ एवढंच. अंदाज चुकला तर मूल स्वतः दुरुस्त करतं, ‘‘नाही, मला राग आला!’’ बघा, ‘काही नाही’ संपलं. आता गोष्ट सुरू झाली.

क्वालिटी टाइमची गडबड

‘‘ते ठीक आहे हो, पण वेळ कुठून आणायचा?’’ हा प्रश्न येणार, माहीत आहे. मग आपण क्वालिटी टाइमचा हिशोब मांडतो. रविवारी संध्याकाळी फुटाळा, आईस्क्रीम, दोन तास पूर्ण मुलांसाठी. छानच आहे, जरूर जा. पण मूल अपॉइंटमेंट घेऊन उघडत नाही. ते उघडतं भलत्या वेळी. आपण भांडी लावत असतो तेव्हा, झोपताना लाइट बंद केल्यावर, नाहीतर अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या सीटवर बसून, सिग्नलला. कारण तिथे डोळ्यांत डोळे घालून बोलावं लागत नाही. समोर बसवून ‘बोल, काय झालं?’ विचारलं की ते चौकशी समजतं. शेजारी बसलं की गप्पा.

त्यामुळे मोठा वेळ नको, मोकळा वेळ हवा. रोज दहा मिनिटं, हातात मोबाइल नसलेली. मोबाइलचा मुद्दा साधा वाटतो, पण नाही. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक प्रसिद्ध प्रयोग केला. आई बाळाशी हसत-खेळत असते आणि मग ठरवून चेहरा एकदम निर्विकार करते. बाळ हसून बघतं, हात पसरतं, आवाज काढतं. आईचा चेहरा तसाच. थोड्याच वेळात बाळ बावरतं, तोंड फिरवतं, रडकुंडीला येतं. बाळाला कोणी मारलं नाही, ओरडलं नाही. फक्त चेहऱ्याने उत्तर दिलं नाही! आता स्क्रीनकडे बघताना आपला चेहरा कसा असतो, ते एकदा आरशात बघा.

पण ट्रॉनिकच्या अभ्यासातली दिलासा देणारी गोष्टही आहे. चांगल्या, प्रेमळ आई-बाळांचे सूरही बहुतेक वेळ जुळलेले नसतातच. तुटतं आणि पुन्हा जुळतं, असं दिवसभर चालू असतं. महत्त्वाचं असतं ते पुन्हा जुळणं. म्हणजे परफेक्ट आई-बाबा व्हायची गरज नाही. एखाद्या दिवशी ऑफिसचा राग मुलावर निघाला, तर रात्री जवळ जाऊन ‘‘मघाशी मी उगाच ओरडले, तुझी चूक नव्हती,’’ असं म्हणता आलं पाहिजे. त्याने धाक कमी होत नाही. उलट, तुटलेलं जोडता येतं, हे मूल तिथे शिकतं.

घरचं पुरत नाही तेव्हा

सगळंच प्रेमाने आणि गप्पांनी बरं होतं, असं सांगणं मात्र खोटं ठरेल. ताप दोन दिवसांत उतरला नाही की आपण डॉक्टरकडे पळतो. मनाच्या बाबतीत दोन वर्षं थांबतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयातल्या साधारण ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक त्रास आढळला. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी तीन. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. यात शाळेतले आहेत, कॉलेजातलेही आहेत. हा आकडा घाबरवायला दिलेला नाही. ‘आपल्याकडे असं काही नसतं,’ हे वाक्य आता म्हणता येत नाही, एवढंच.

मग लक्ष कशावर ठेवायचं? बदलावर. झोप बदलली, भूक बदलली. सोमवारी सकाळी हमखास पोट दुखतं आणि रविवारी कधीच नाही. (नाटक म्हणू नका, लहान मुलांचं मन बऱ्याचदा पोटातूनच बोलतं आणि दुखणं खरं असतं.) आवडता खेळ, आवडते मित्र सुटले. चिडचिड वाढली. सांगण्यासारखं कारण नसताना मार्क घसरले. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर मदत घ्या. आणि ‘जगावंसंच वाटत नाही’, ‘मी नसलेलाच बरा’ असं काही कानावर आलं तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी मदत घ्या. त्याला एकटं सोडू नका आणि सरळ, शांतपणे विचारा, ‘‘मरून जावं असं मनात येतं का तुझ्या?’’ विचारल्याने डोक्यात नसलेली गोष्ट शिरते, हा गैरसमज आहे. विचारल्याने सहसा सुटकेचा श्वास मिळतो.

जायचं कुठे? नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे मनोविकार विभाग आहेत. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फुकट, २४ तास, मराठीतही. मुलांसाठीची १०९८ आहेच. शाळा किंवा कोचिंग क्लासलाही विचारा, ‘तुमच्याकडे काउन्सेलर कोण?’ सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांमध्ये किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर असावा, असं सांगितलं आहे. विचारणारे पालक वाढले की काउन्सेलरही दिसायला लागतील.

आणि त्या चौकाची भीती अजून मनात असेल, तर हेही माहीत असू द्या. काउन्सेलरकडे जाणं म्हणजे ॲडमिट होणं नाही. बहुतेक मुलांना दवाखान्यात राहावं लागतच नाही. क्वचित लागलंच तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पूर्ण वेळ घरच्या माणसाने सोबत राहायचं असतं. त्याच कायद्याने मेडिक्लेममध्ये मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच धरायला सांगितलं आहे. ऑफिसच्या पॉलिसीचे कागद एकदा काढून बघा, काय-काय कव्हर आहे ते एचआरला विचारा.

फ्रिजवर लावा

• ‘कसा गेला दिवस?’ऐवजी छोटा प्रश्न विचारा. ‘आज डब्यात कोणाकोणाला वाटा दिला?’, ‘आज सगळ्यात जास्त हसू कशाचं आलं?’

• मूल बोलायला लागलं की पहिली दोन मिनिटं सल्ला बंद. ‘हं’, ‘अच्छा’, ‘मग?’ एवढं पुरतं.

• उपाय सुचलाच तर आधी विचारा, ‘‘मी काही सांगू, की नुसतं ऐकू?’’

• आठवड्याला एक नवीन शब्द. या आठवड्यात ‘चुटपुट’. आधी तुमची चुटपुट सांगा.

• त्याने विश्वासाने सांगितलेलं आत्या-मावशीच्या फोनवर हसत सांगू नका. एकदा फुटलं की दुकान बंद! पण त्याच्या जिवाला धोका असेल तर ते गुपित ठेवायचं नसतं, हेही त्याला आधीच सांगून ठेवा.

• ‘पागल’, ‘नाटक’, ‘मुलगी आहेस का’ हे तीन शब्दप्रयोग घरातून हद्दपार. आजी-आजोबांनाही प्रेमाने सांगा.

यातलं सगळं उद्यापासून जमणार नाही. जमवूही नका, नाहीतर त्याचंही टार्गेट होईल! आज फक्त एक करा. पुढच्या वेळी ‘काही नाही’ ऐकू आलं की ‘काही नाही कसं? बोल ना!’ म्हणून मागे लागू नका. शेजारी बसा आणि म्हणा, ‘‘बरं. वाटलं तर सांग, मी इथेच आहे.’’ आणि मग खरंच तिथे बसा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

बऱ्याचदा सातव्या-आठव्या मिनिटाला आवाज येतो, ‘‘मम्मी, एक सांगू?’’ आलाच नाही, तर उद्या पुन्हा बसा.